सुताराच्या पोराचे अभंग

बाबांच्या हातातून पहिल्यांदा वाटी निसटली तेव्हा आम्ही हसलो होतो. आमटी त्यांच्या पायजम्यावर सांडली, आई फडकं आणायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "घरी बसून हात आळसावलेत तुमचे." बाबाही हसले. एका इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात ड्रॉइंग बोर्डापुढे काढली होती. मोठाल्या कागदांवर केसाएवढ्या बारीक रेघा मारायच्या, आणि पुसायची वेळ येऊ द्यायची नाही, हा त्यांचा अभिमान. मग कारखान्यात संगणक आले, बोर्ड माळ्यावर गेले आणि बोर्डावरच्या माणसांना स्वेच्छेने निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," असं बाबा आल्यागेल्याला सांगत. मी त्याच सुमारास खराडीला नव्याने निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. तेव्हा खराडीत काचेच्या दोन-तीन इमारती आणि बाकी सगळी ज्वारी होती. कंपनीची गाडी आमच्या बोळात शिरत नसे, म्हणून मी चालत पुलापर्यंत जायची, आणि बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मी वळेपर्यंत हात करत उभे राहायचे.

आमचं घर कसब्यातल्या एका बिनलिफ्टच्या इमारतीत होतं. सकाळी आठाच्या सुमाराला तांबट आळीतून तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि तो दुपारी जेवणाच्या वेळी थांबला की घर एकदम रिकामं वाटायचं. आई त्या आवाजावर कुकर लावायची. तिला घड्याळ लागत नसे. तिच्या स्वयंपाकाला मेथीच्या फोडणीचा वास असे आणि तिच्या बोलण्यालाही तसाच थोडा कडवटपणा, पण दोन्ही अंगी लागायचं. आज मी ज्या घरात राहते तिथे खिडक्या बंद केल्या की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. पाहुणे त्याचं कौतुक करतात. मला मात्र अजून सकाळी काहीतरी सुरू व्हायचं राहिलंय असं वाटत राहतं.

वाटीनंतर शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मग चप्पल पायातून सुटायला लागली. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, आणि शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी आम्हां तिघांना समोर बसवून सांगितलं, की मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या ज्या नसा असतात त्या एकेक करून मरत चालल्या आहेत. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. "बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," असं ते म्हणाले. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं. रिक्षाने घरी आलो. जिन्यापाशी आल्यावर बाबा वर बघत म्हणाले, "तीन मजले. आता उतरायचं ते विचार करूनच." त्यानंतर ते दवाखान्याखेरीज खाली उतरले नाहीत.

भिंगारदिवेकाका रविवारी यायला लागले ते तेव्हापासून. ते बाबांच्याच कारखान्यात टूलरूममध्ये होते. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, राहायला खडकीला. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना कविता म्हणून दाखवणारी कारखान्यात ही दोनच माणसं, त्यामुळे त्यांची दोस्ती झाली होती. सकाळची उपासना आटोपली की ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तसेच आमच्याकडे येत. दारात चपला काढून त्या भिंतीशी सरळ लावत आणि "लिमये, आहात का?" असं विचारत. "जातो कुठे?" असं बाबा आतून म्हणत. हे दर रविवारी व्हायचं आणि दर रविवारी दोघं हसायचे.

सुरुवातीला काका वर्तमानपत्र वाचून दाखवत. कुठला कारखाना बंद पडला, कुठे नवी कंपनी आली. बाबा कंटाळले. एकदा म्हणाले, "हे पुरे. तुमच्या त्या मास्तरांचं काहीतरी आणा." ते मास्तर म्हणजे काकांच्या गावच्या शाळेतले कुणी जुने शिक्षक. त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर अभंग रचून एक लहानसं पुस्तक छापलं होतं. पुस्तकावर स्वतःचं नावसुद्धा घातलं नव्हतं, नुसतं 'एक दास' असं छापलेलं. काकांनी पुढच्या रविवारी ते रुमालात गुंडाळून आणलं. पण काका वाचायला लागले की आपोआप उपासनेच्या चालीत शिरत. बाबांनी हात वर करायचा प्रयत्न केला, तो काही वर गेला नाही, म्हणून तोंडानेच म्हणाले, "थांबा. तुम्ही गाताय. मला अर्थ ऐकायचाय. मंजू, तू वाच."

अशी मी त्या बैठकीत आले. मला ना ख्रिस्ती धर्माची माहिती, ना कवितेची फारशी ओढ. मी संगणकाच्या भाषेत दिवस काढणारी मुलगी. पण वाचता वाचता मला त्या अभंगांची सवय लागली. त्यात समुद्र होता तो नगरच्या तळ्यासारखा, येशूची आई जात्यावर बसायची, आणि शिष्य ताकभाकरी खायचे. बाबा मधेच थांबवायचे, "पुन्हा." मी पुन्हा वाचायची. मग ते काकांना प्रश्न विचारायचे. पाप म्हणजे नक्की काय, आणि दुसऱ्याच्या मरण्याने माझं कसं फिटतं? काका कधी समजावून सांगत, कधी "मला नाही सांगता येत" म्हणत. बाबांना दुसरं उत्तर जास्त आवडायचं असं मला वाटतं. आई स्वयंपाकघरातून चहा पाठवायची, स्वतः बाहेर येत नसे. तिचं वेगळं चालू होतं. संकष्टी, कसब्याच्या गणपतीला रोजचं जाणं, अथर्वशीर्षाची आवर्तनं, कुणी सांगितलेला वैद्य, कुणी सांगितलेला अंगारा. ज्याने जे सांगितलं ते ती करत होती.

एका रविवारी क्रुसावरच्या येशूचा हा अभंग निघाला:

सुताराचा पोर । ओळखी खिळ्यांना ।
हात हलवेना । आता त्याचा ॥

बाबांनी "पुन्हा" म्हटलं नाही. त्यांचे दोन्ही हात उशीवर ठेवलेले होते, आईने सकाळी ठेवले होते तसेच. ते म्हणाले, "भिंगारदिवे, हे बरोबर आहे. सुताराला खिळा हातात घेतल्याबरोबर कळणार, किती इंची आहे, कुठपर्यंत जाईल."

"हो," काका म्हणाले.

"म्हणजे तुमच्या देवाला स्वतःचे हातसुद्धा सोडवता येत नाहीत. मग तो मला काय बरं करणार?"

"मी कुठे म्हणालो बरं करील?"

"मग येता कशाला दर रविवारी?"

काका हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही असे पडलेले, लिमये. मला दुसरा कुठला देव तुमच्यापुढे आणायला लाज वाटते."

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंजू, पान मोड. इथे परत यायचंय."

ही बातमी आत्याच्या कानावर गेली. आत्या सदाशिव पेठेत राहायची आणि तिच्या कानावर काय जात नसे! ती तीन मजले चढून आली, धाप टाकत पाणी प्यायली आणि आईला म्हणाली, "मीना, लक्ष ठेव. आजारी माणसाला असंच गाठतात आणि बाटवतात."

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बाटवू देत. बरे तर करू देत."

आत्या पदर सावरून आली तशी जिना उतरून गेली. आईच्या मनात काय शिजत होतं ते आम्हांला त्यानंतरच्या रविवारी कळलं. काका निघायला उठले, तेव्हा ती ओल्या हातांनी बाहेर आली. "भाऊजी, एक विचारायचं होतं. तुमच्यात हात ठेवून प्रार्थना करतात आणि माणूस उठून चालायला लागतो म्हणे. आमच्या समोरच्या बाईंनी पाहिलंय. मग तुम्ही नुसत्या कविता काय वाचत बसलात इतके दिवस?"

काकांचा चेहरा मी विसरलेले नाही. ते म्हणाले, "वहिनी, मी तसल्या सभांना जात नाही."

"तुम्ही जाऊ नका. त्यांना इकडे आणा. ह्यांना जिना उतरवत नाही."

"त्याचं असं आहे वहिनी..."

"तुमचा देव आहे ना? मग माझ्यासाठी एवढं करा. मी माझ्या देवांना सगळं विचारून झालं." तिचा आवाज एकदम फाटला आणि ती आत गेली. काका बाबांकडे पाहत राहिले. बाबांनी अगदी थोडी मान हलवली. त्याचा अर्थ 'नको' होता की 'होऊ दे', हे आम्हां दोघांनाही कळलं नाही, आणि दोघांनीही विचारलं नाही. आईपुढे 'नको' म्हणायची ताकद आमच्यात कुणातच नव्हती.

पुढच्या रविवारी काकांबरोबर त्यांच्या पत्नी, मार्थाकाकू, आल्या आणि एक तरुण माणूस आला. सगळे त्याला ब्रदर म्हणत. आठवडाभर तो बुधवार पेठेत संगणक दुरुस्त करायचा आणि रविवारी लोकांसाठी प्रार्थना करत फिरायचा. मी मनात एखादा भोंदू रंगवून ठेवला होता. हा तसा नव्हता. लाजरा होता, त्याने आईने दिलेलं पाणी दोन्ही हातांनी घेतलं, आणि बाबांना वाकून नमस्कार केला. मार्थाकाकूंनी येताना डब्यात करंज्या आणल्या होत्या. आईने त्या देवापुढे ठेवल्या. कुठल्या देवापुढे काय ठेवायचं, याचा विचार करण्याच्या पलीकडे ती गेली होती.

ब्रदरने खुर्चीत बसवलेल्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग मोठ्याने. मार्थाकाकू रडत होत्या. आई बाबांच्या अगदी समोर हात जोडून उभी होती आणि तिची नजर त्यांच्या पायांवर होती. काका दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होते. "उठा," ब्रदर म्हणाला. "बाबा, विश्वास धरा आणि उठा." आणि बाबांनी समोर आईकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. इतके महिने आम्ही तिची वाट पाहून थकलो होतो, आणि ती आता आली होती. त्यांनी कोपरं खुर्चीच्या हातांवर रोवली. सगळं अंग पुढे ढकललं. क्षणभर, खरंच सांगते, ते उभे राहिले होते. आईच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. मग त्यांचे गुडघे वळले आणि ते तोंडावर पडले. हात पुढे करायला हात नव्हतेच.

हनुवटी फाटली, दात ओठात घुसला. आम्ही त्यांना उचललं तेव्हा रक्त काकांच्या पांढऱ्या शर्टाला लागलं. ब्रदर भिंतीशी उभा होता. "माझा विश्वास कमी पडला," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. आई त्याला म्हणाली, "नाही रे बाळा, तू बस. पाणी पी." ती त्याला असं का म्हणाली, हे मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. मला वाटतं, त्या खोलीत तिला काही करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

त्यानंतर भिंगारदिवेकाका येईनासे झाले. एक रविवार गेला, मग दुसरा. बाबांचं बोलणंही त्याच सुमारास जड झालं. जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखे शब्द यायचे. अनोळखी माणसाला काही कळत नसे, आम्हांला कान देऊन कळे. मेतकूट-भातसुद्धा ठसका लावायला लागला, मग आई सगळं पातळ करून, गाळून, चमच्याने भरवायची. एका जेवणाला तास लागायचा. एके सकाळी कामावर निघायच्या आधी मी त्यांची दाढी करत होते. ओठाखालचा टाका भरून आला होता. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही उठायला का गेलात? आईसाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक अक्षर जुळवून म्हणाले, "वाटलं. उठेन."

मी वस्तरा बाजूला ठेवला. त्यांच्या गालावरचा साबण तसाच वाळत होता. खाली पुलापाशी कंपनीची गाडी येऊन उभी राहिली असेल, ती निघून गेली असेल. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दाढी पुरी केली आणि दुपारी बसने खडकीला गेले.

काका अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. मला पाहून उठले, "लिमये?" एवढंच म्हणाले. मी "आहेत" म्हटल्यावर पुन्हा बसले. मार्थाकाकूंनी चहा आणला आणि आत गेल्या.

"काका, बाबा रविवारी दाराकडे बघत असतात."

"मला माहीत होतं असं काही होत नसतं," ते म्हणाले. "तरी घेऊन आलो. तुझ्या आईला नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगू का, ते उभे राहिले ना, तेव्हा मलाही वाटलं." त्यांनी चहा खाली ठेवला. "आता उपासनेला बसतो पण तोंडातून शब्द निघत नाही. मी काय वाचून दाखवू त्यांना?"

"वाचू नका. नुसते या."

ते रविवारी आले. चपला काढून सरळ लावल्या, पण दारातून हाक मारली नाही. बाबांनी त्यांना पाहिलं आणि रडायला लागले. त्या आजारात रडू आलं की आवरत नसे. काका त्यांच्या पलंगापाशी बसले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन तेही रडत राहिले. मी त्यांनी बरोबर आणलेलं पुस्तक उघडलं, पण माझाही आवाज लागेना. तेव्हा आई आतून आली, पदराला हात पुसले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. तिने ते कधी हातात धरलं नव्हतं. ती वाणसामानाची यादी वाचावी तशी सपाट, भरभर वाचत होती.

माशी गालावर । कोण हाकलील ।
आई ती पाहील । दुरूनिया ॥

ती थांबली. पुन्हा एकदा मनाशी वाचलं, तिचे ओठ हललेले मला दिसले. आमच्याकडे उन्हाळ्यात माशा फार. सबंध दुपार ती पंचा घेऊन बाबांच्या उशाशी बसलेली असायची.

"भाऊजी," तिने विचारलं, "ही त्याची आई. ती शेवटपर्यंत तिथेच होती का?"

"होती."

"काय करत होती?"

काकांनी डोळे पुसले. "काही नाही वहिनी. उभी होती. शास्त्रात एवढंच आहे."

"जवळ जाऊ दिलं नाही तिला?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहायला हवं होतं," आई म्हणाली. तिने पुस्तक मला दिलं, पलंगाच्या कडेला बसली आणि बाबांच्या गालावरून हात फिरवला. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आम्ही तिघंही वाकलो, कान दिला, दोन-तीनदा विचारलं, पण त्या दिवशी आम्हांला ते कळलं नाही. शेवटी त्यांनीच डोळे मिटून घेतले.

पावसाळा संपता संपता बाबा गेले. दुपारची वेळ होती. आई त्यांच्या तोंडात पाणी घालत होती, ते गिळलं गेलं नाही, एवढंच झालं. आत्याने तुळशीपत्र ठेवलं, सगळं आमच्या रीतीप्रमाणे झालं. तीन मजले खाली उतरवताना एक खांदा भिंगारदिवेकाकांचा होता. आजही आमच्याकडे कुणाला तरी हा प्रश्न पडतो, की त्यांचा शेवटी कशावर विश्वास होता. आत्याच्या मते ते गणपतीचं नाव घेत गेले. मार्थाकाकू असेपर्यंत सांगत, की त्यांच्या डोळ्यांत त्यांनी प्रभूची शांती पाहिली. मी त्यांच्याबरोबर ते पुस्तक अर्ध्याहून जास्त वाचलं आणि मला ठाऊक नाही. मी स्वतः पुढे कितीतरी वेळा एखाद्या चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले आहे. तिथे मला चांगलं वाटतं आणि त्यापुढे काही होत नाही.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी दार वाजलं. काका उभे होते, हातात पुस्तक. चपला अजून पायातच होत्या.

"वहिनी, मी कशाला आलो ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "उपासना झाली आणि पाय इकडे वळले."

आई दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या देवाने ह्यांच्यासाठी काही केलं नाही. माझ्या देवानेही केलं नाही. मला दोघांचा राग आहे."

"मलाही आहे," काका म्हणाले.

आई दारातून बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "बसा. वाचा काहीतरी."